जुन्या .३२ स्पेशल लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी घरी काडतुसे भरताना आणि ती घेऊन हरणाच्या शिकारीला जाताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात आपल्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या वडिलांची विंचेस्टर १८९४ रायफल आपल्याला दिली. तिच्या नळीवर ‘.३२ विंचेस्टर स्पेशल’ असे कोरलेले आहे आणि क्रमांकावरून ती पहिल्या महायुद्धाच्या आधीची असल्याचे आपण शोधून काढले आहे. या मापाची काडतुसे दुकानात क्वचितच मिळतात, .३०-३० ची मात्र सहज मिळतात. तेव्हा ती या रायफलीत चालतील का, घरी काडतुसे भरणे शहाणपणाचे आहे का, भरायची तर आजच्या दारूने तिचा जोर किती वाढवता येईल, आणि येत्या हंगामात या रायफलीने हरणाची शिकार करता येईल का, असे आपण विचारले आहे. सोबत एक जुने, अर्धे भरलेले काडतुसांचे खोके मिळाल्याचेही आपण लिहिले आहे.

मी चिपळूण तालुक्यातला. लहानपणी घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांची ठासणीची बंदूक होती आणि किती दारू घालायची, किती ठासायची यावर आजोबांचे बारीक लक्ष असे. गेली सव्वीस वर्षे मी याच राज्यात राहतो आणि त्यांपैकी बावीस हंगाम जुन्या, चापाभोवतीची कडी (लिव्हर) खाली-वर करून काडतूस भरणाऱ्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींनी शिकार केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रायफल तपासणीत उत्तीर्ण झाली, तर तिने हरणाची शिकार निश्चितपणे करता येईल आणि तिच्यासाठी घरी काडतुसे भरणे हाच तिला पुन्हा उपयोगात आणण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. .३०-३० ची काडतुसे तिच्यात कधीही वापरू नयेत. जोर वाढवण्याचा विचार मात्र मनातून पूर्णपणे काढून टाकावा, कारण या रायफलीला जोर कमी पडत नाही. बहुतेक वेळा कमी पडते ते नळीच्या मापाशी जुळणाऱ्या गोळीचे, आणि ती उणीव घरी भरलेल्या काडतुसाने भरून निघते.

ही रायफल जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर न्यू हेवन येथील विंचेस्टर कारखान्यात तयार झाली. १८९४ मध्ये ती प्रथम बाजारात आली, तेव्हा .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. पुढच्याच वर्षी निकेलमिश्रित पोलादाची नळी घेऊन .३०-३० आले आणि धूर न करणाऱ्या दारूचे युग अमेरिकेतल्या सामान्य शिकाऱ्यापर्यंत पोहोचले. .३२ स्पेशल हे त्यानंतरचे, १९०१-०२ च्या सुमाराचे. .३०-३० च्याच पुंगळीचे, म्हणजे दारू धरणाऱ्या पितळी नळकांडीचे, तोंड थोडे रुंद करून हे काडतूस बनले, परंतु त्याच्या नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या चरींचा फेरा, वेगळा आहे. .३०-३० च्या नळीत गोळी बारा इंचांत एक फेरा घेते, .३२ स्पेशलमध्ये सोळा इंचांत. ज्यांना घरी काळी दारू किंवा शिशाची गोळी भरायची असेल त्यांना हा सैल पीळ सोयीचा पडावा, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. म्हणजे घरी भरण्याचा विचार या काडतुसाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

आता .३०-३० च्या धोक्याविषयी. दोन्ही पुंगळ्या इतक्या सारख्या आहेत की .३०-३० चे काडतूस आपल्या रायफलीच्या कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेत, बसू शकते आणि उडूही शकते. परंतु त्याची गोळी ०.३०८ इंचांची, तर आपल्या नळीच्या चरींचे मूळ माप ०.३२१ इंचांचे. तेरा सहस्रांश इंचांच्या या फटीमुळे गोळी पीळ नीट पकडत नाही, वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि नेम कुठेही जातो. त्या गोळीने हरीण पडण्यापेक्षा जखमी होऊन पळून जाण्याची शक्यता अधिक. उलट दिशेने पाहिले तर मात्र हेच साम्य आपल्या उपयोगी पडते, ते पुढे सांगतो.

पहिले काम तपासणीचे. जुन्या रायफलींचे काम जाणणाऱ्या गनस्मिथकडे (बंदुकांच्या कारागिराकडे) ती द्यावी आणि तीन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात: बोल्टला (काडतुसाला मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला) मागून आधार देणारा उभा ठोकळा घट्ट बसतो का, घोडा अर्ध्या खटक्यावर (अर्धाच मागे ओढून अडकवून) ठेवला असता चाप कितीही दाबला तरी तो सुटत नाही ना, आणि पुंगळीच्या कडेसाठी ठेवलेली जागा झिजून वाढलेली नाही ना. या रायफलीला आजच्यासारखा वेगळा सेफ्टीचा खटका नाही, त्यामुळे अर्धा खटका हीच तिची सुरक्षा आहे. तो झिजला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नये. नळीच्या आत खड्डे दिसले तरी निराश होऊ नये. त्या काळच्या प्रायमरमधील (पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील) क्षार ओल धरत आणि ज्याने त्याच दिवशी पाण्याने नळी धुतली नाही त्याची नळी गंजत असे. फिकट काळवंडलेल्या, पण चरी शाबूत असलेल्या नळ्यांनी योग्य मापाची गोळी उत्तम मारल्याचे मी वारंवार पाहिले आहे.

ते योग्य माप काढणे हा माझ्या दृष्टीने या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. मासेमारीच्या दुकानात मिळणारे मऊ शिशाचे अंडाकृती वजन घ्यावे, जे नळीपेक्षा किंचित जाड असेल. नळी स्वच्छ करून तेलाचा पातळ हात द्यावा. रायफल पूर्ण रिकामी असल्याची स्वतः बोट घालून खात्री करावी, बोल्ट मागे ठेवावा आणि ते शिसे नळीच्या टोकाकडून हलक्या हातोडीने आत बसवून पितळी सळईने हळूहळू पुढे ढकलावे. ढकलताना हाताला जे जाणवते त्याकडे लक्ष ठेवावे. एखाद्या ठिकाणी शिसे एकदम सैल होऊन सरकले, तर तिथे नळी फुगलेली किंवा झिजलेली असते. बाहेर पडलेल्या शिशावर चरींचे उंच ठसे उमटलेले असतात. समोरासमोरच्या दोन ठशांमधले अंतर मायक्रोमीटरने मोजावे. साध्या व्हर्नियरवर विसंबू नये, कारण आपल्याला सहस्रांश इंचाचा भेद हवा आहे. माझ्या रायफलीचे माप ०.३२२५ इंच भरले, म्हणजे मूळ मापापेक्षा दीड सहस्रांश अधिक. वरकरणी हा फरक नगण्य वाटतो, परंतु शिशाची गोळी चरीच्या मापापेक्षा एक ते दोन सहस्रांशांनी जाड असावी लागते. मी सुरुवातीला आणलेल्या ०.३२१ इंचांच्या शिशाच्या गोळ्या शंभर यार्डांवर ताटाएवढ्या जागेतही पडत नव्हत्या. ०.३२४ इंचांच्या गोळ्या ओतल्यावर त्याच रायफलीने तीन इंचांच्या आत तीन बार टाकले. रायफल, दारू आणि मारणारा यांपैकी काहीही बदलले नव्हते. तांब्याचे आवरण असलेली गोळी याबाबत अधिक क्षमाशील असते. तिला मापाचा थोडा सैलपणा चालतो, म्हणून पहिल्या हंगामासाठी मी आपल्याला तीच सुचवीन.

आता जोराविषयी. .३२ स्पेशलसाठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ४२,००० पौंड आहे, .३०-३० इतकीच. आधुनिक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली साठ हजारांच्या घरात काम करतात आणि त्यांच्यासाठी भरणारे लोक प्रायमर चपटा झाला का, पुंगळी अडकू लागली का, अशी लक्षणे पाहून मर्यादा ओळखण्याचा प्रयत्न करतात. ही सवय आपल्या रायफलीवर वापरली तर घात होईल. पितळ आणि प्रायमर ही लक्षणे दाखवू लागतात तो दाब या रायफलीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढचा असतो, म्हणजे लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय तिचा बोल्ट पुढे कोठीजवळ अडकत नाही, त्याला मागच्या टोकाला आधार आहे. त्यामुळे बार उडताना सारी रचना किंचित ताणली जाते आणि पुंगळीही तिच्याबरोबर ताणली जाते. उलटपक्षी फार हलका बार भरला तर प्रायमर थोडा बाहेर आलेला दिसतो. नवखा माणूस त्याला जास्त दाबाचे चिन्ह समजून घाबरतो, वास्तविक दाब इतका कमी असतो की पुंगळी मागे सरकून प्रायमरला पुन्हा जागेवर बसवू शकत नाही.

दारूचे नेमके वजन मी इथे मुद्दाम देत नाही आणि कोणीही असे पत्रातून दिले तर आपण घेऊ नये. गोळी, दारूचा प्रकार, पुंगळीचा उत्पादक यांतले एक जरी बदलले तरी आकडा बदलतो. गोळी आणि दारू बनवणाऱ्या कंपन्या चाचणीच्या नळीत दाब मोजून मॅन्युअल प्रसिद्ध करतात. अशा दोन मॅन्युअलांतील आकडे समोरासमोर ठेवावेत, त्यांतील सर्वांत कमी आकड्यापासून आरंभ करावा आणि अर्ध्या ग्रेनपेक्षा मोठी पायरी चढू नये. मध्यम वेगाने जळणाऱ्या आयएमआर ३०३१ किंवा एच ४८९५ यांसारख्या दारू या पुंगळीला मानवतात. त्या पुंगळी बऱ्यापैकी भरतात, त्यामुळे चुकून दुप्पट माप पडले तर ते बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या दारूचे छोटे माप या लांब पुंगळीच्या तळाशी दडून बसते, तिथे दुसरे माप पडले तरी कळत नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडच्या माणसांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. हे वजन ग्रेनमध्ये मोजतात, ग्रॅममध्ये नव्हे. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन असतात आणि बाजारातले बहुतेक छोटे इलेक्ट्रॉनिक काटे दोन्ही एककांत चालतात. आपण लहानपणापासून ग्रॅमला सरावलेलो असल्यामुळे काट्यावर चुकीचे एकक आले तरी डोळा सहज फसतो. माझ्या बाकावर साधा दांडीचा तराजू आहे, त्यावर फक्त ग्रेन आहेत, आणि प्रत्येक दहाव्या मापाची फेरतपासणी मी त्यावरच करतो. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा, तोही मूळ डबा. जुन्या पुस्तकांतले काळ्या दारूचे माप धूर न करणाऱ्या दारूला लावणे म्हणजे रायफल आणि डोळे दोन्ही गमावणे होय.

पुंगळ्यांचा प्रश्न आपल्याला वाटतो तितका अवघड नाही. .३०-३० ची स्वच्छ, तेल लावलेली पुंगळी .३२ स्पेशलच्या साच्यातून काढली की आतला गोळा तिचे तोंड रुंद करतो आणि ती आपल्या रायफलीची होते. मागे म्हटलेला साम्याचा उपयोग तो हाच. मात्र तिच्या बुडावर ‘.३०-३०’ हेच अक्षर राहते, म्हणून अशी काडतुसे वेगळ्या रंगाच्या डब्यात, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत. घरात .३०-३० ची रायफलही असेल तर हा मार्ग न धरता मूळ .३२ स्पेशलच्या पुंगळ्याच शोधाव्यात, कितीही महाग पडल्या तरी.

सर्व पुंगळ्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकाच लांबीला कापून घ्याव्यात. यात आळस करू नये, आणि त्याचे कारण या रायफलीच्या दारूगोळ्याच्या नळकांड्यात आहे. नळीखालच्या त्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक झोपलेली असतात, पुढून स्प्रिंग त्यांना मागे दाबत असते आणि प्रत्येक बाराच्या धक्क्याने ती एकमेकांवर आदळतात. गोळी पुंगळीच्या तोंडात घट्ट आवळलेली नसेल तर ती आत ढकलली जाते आणि दाब वाढतो. म्हणून गोळीच्या अंगावरच्या खाचेत पुंगळीची कड वळवून बसवावी लागते. पुंगळ्यांची लांबी कमीजास्त असेल तर आखूड पुंगळीची कड खाचेत पोहोचत नाही, आणि लांब पुंगळीवर इतका जोर येतो की तिचा खांदा फुगतो. .३०-३० च्या कुळातल्या पुंगळ्यांची मान फार पातळ असते. माझ्या दुसऱ्या हंगामात मी लांबी तपासली नव्हती. सकाळी पहिले काडतूस फुगलेल्या खांद्यामुळे अर्ध्यावर अडकले आणि लिव्हर ना पुढे जाईना ना मागे येईना. समोर साठ पावलांवर उभे असलेले हरीण शांतपणे निघून गेले. तेव्हापासून भरलेले प्रत्येक काडतूस गनस्मिथकडून करवून घेतलेल्या कोठीच्या मापात घालून पाहिल्याशिवाय मी खिशात टाकत नाही. पहिल्यांदा भरताना दारू आणि प्रायमर न घातलेली चार-पाच नमुना काडतुसे करावीत, ती नळकांड्यात भरून लिव्हरने जोरात खेळवावीत आणि त्यानंतर गोळी आत सरकली का ते मोजावे. या एका तासाच्या कामाने पुढचा सारा मनस्ताप वाचतो.

पुंगळी पाच-सहा वेळा वापरली की बुडाच्या किंचित वर आतून पातळ होऊ लागते, कारण मघाशी सांगितलेला ताण तिथेच येतो. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवावी, खाच लागली तर ती पुंगळी चेपून फेकून द्यावी. उडवून फुगलेली पुंगळी पुन्हा भरताना साच्यात तोंडापासून बुडापर्यंत पूर्ण आवळण्याऐवजी फक्त मान आवळली तर तिचे आयुष्य वाढते, परंतु शिकारीसाठीच्या काडतुसांना मी पूर्ण आवळणेच पसंत करतो, कारण तिथे ती विनासायास आत जाणे अधिक महत्त्वाचे आहे.

गोळीचे टोक चपटेच हवे. नळकांड्यात एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते, तिथे टोकदार कठीण गोळी असली तर धक्क्याने पुढचा बार उडू शकतो. हॉर्नाडी कंपनीची मऊ रबरी टोकाची गोळी याला अपवाद आहे, ती याच प्रकारच्या रायफलींसाठी बनवलेली आहे. .३२ स्पेशलसाठी १७० ग्रेनची चपट्या टोकाची, मऊ शिशाचे नाक असलेली गोळी हीच शंभर वर्षांची परंपरा आहे आणि मला तीत बदल करावासा वाटलेला नाही. आठ मिलिमीटर रायफलीच्या गोळ्या दिसायला जवळच्या असल्या तरी त्या ०.३२३ इंचांच्या, बहुधा टोकदार आणि अधिक वेगासाठी कठीण बनवलेल्या असतात. त्या आणू नयेत.

कठीणपणाचा मुद्दा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. स्वतः गोळ्या ओतायला लागलो तेव्हा छापखान्याच्या जुन्या खिळ्यांचा धातू मला मिळाला होता. त्याच्या गोळ्या चमकदार, कठीण आणि निशाण्यावर अचूक होत्या. त्या हंगामात सत्तर यार्डांवर उभ्या नराच्या खांद्यामागे मी गोळी मारली. ती उघडली नाही, पेन्सिलीएवढे छिद्र पाडून आरपार गेली. रक्ताचा माग जवळजवळ नव्हताच. चार तास गुडघ्यांवर बसून पाने उलटत शोध घेतला तेव्हा संध्याकाळी ते एका ओढ्याच्या काठी सापडले. त्याला झालेल्या त्रासाची जबाबदारी पूर्णपणे माझी होती. कागदावरची अचूकता आणि प्राण्याच्या देहातले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारीची ओतीव गोळी मऊ मिश्रधातूची असावी आणि तिच्या बुडाला तांब्याची टोपी असावी. हे जमेपर्यंत विकत मिळणारी मऊ नाकाची गोळीच वापरावी. शिसे वितळवण्याचे काम घराबाहेर करावे, स्वयंपाकघरातले कोणतेही भांडे त्यासाठी घेऊ नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

मैदानावर रायफलीची परीक्षा घेताना घाई करू नये. या रायफलीच्या नळीला पुढचा लाकडी हातधर आणि नळकांडे पट्ट्यांनी जखडलेले असतात. नळी तापली की ती ताणतात आणि गोळी वर किंवा बाजूला सरकते. तीन बार मारावेत, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. टेकू नळीखाली कधीही देऊ नये, तो कोठीच्या जवळ पुढच्या लाकडाखाली द्यावा. आपल्याला खरी गरज आहे ती गार नळीतल्या पहिल्या बाराची, म्हणून मी ऑक्टोबरभर दर आठवड्याला केवळ एक गार बार मारून त्याच कागदावर नोंदत जातो. चार आठवड्यांनंतर तो एक कागद रायफलीविषयी जे सांगतो ते एका दिवशी मारलेले चाळीस बार सांगत नाहीत.

पुंगळ्या वरून बाहेर पडत असल्यामुळे या रायफलीवर दुर्बीण नीट बसत नाही, आणि तिला भोके पाडून जुनी वस्तू विद्रूप करू नये. मागच्या मूळ खाचेऐवजी दस्त्याजवळच्या लोखंडी पट्टीवर उभी राहणारी, छिद्रातून नेम धरण्याची चकती त्या काळीही मिळत असे आणि आजही मिळते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना खाच, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि सावज अशा तीन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्यभागी येतो आणि फक्त माशीकडे लक्ष द्यावे लागते.

अंतराचा हिशेब सांगतो. कारखान्याच्या १७० ग्रेनच्या काडतुसाचा वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे २२५० फूट, शंभर यार्डांवर सुमारे १८७० आणि दोनशेवर सुमारे १५४० फूट धरला जातो. तो मोजलेला असतो लांब नळीतून, आपली नळी वीस इंची असेल तर तिच्यातून थोडा कमीच मिळेल. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी सुमारे दहा इंच खाली येते. दहा इंच म्हणजे छाती आणि पाय यांतला फरक. म्हणून मी स्वतःसाठी सव्वाशे यार्डांची मर्यादा ठेवली आहे, आणि ती उघड्या जागेत, टेकू मिळाला तरच. पहिल्या हंगामात आपण पंचाहत्तरच्या पुढे जाऊ नये. उभ्याने, बिनटेकू, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात सलग पाच बार ज्या अंतरावरून पडतील ते आपले अंतर, रायफलीचे काहीही असो.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत ही मर्यादा अडचणीची ठरत नाही. ओक आणि बीचच्या जंगलात, माउंटन लॉरेलच्या कमरेएवढ्या गच्च झुडपांत पांढऱ्या शेपटीचे हरीण पन्नास-साठ पावलांवरच दिसते आणि ही रायफल तिथल्यासाठीच आहे. ती चपटी आहे, तिचा तोल कोठीखाली येतो, एका हातात दिवसभर धरून चालता येते. मी मचाणावर बसण्यापेक्षा चालणे पसंत करतो: तीन पावले, मग दोन मिनिटे स्तब्ध, डोळ्यांनी आडव्या रेषा शोधत, कारण जंगलात उभ्या रेषा झाडांच्या असतात आणि आडवी रेषा बहुधा पाठीची असते. वाऱ्याकडे पाठ कधीही करू नये. जड, संथ गोळी झुडपे कापत सरळ जाते, असे इथले जुने लोकही सांगतात, ते खरे नाही. कोणतीही गोळी फांदीला लागली की वळते. मोकळी फट मिळेपर्यंत थांबावे, नाही मिळाली तर बार टाकू नये.

गोळी खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात जावी. बार उडताच लिव्हर खांद्यावरूनच खेळवावी, बंदूक खाली घेऊ नये. हरीण नजरेआड झाले तरी अर्धा तास जागेवर थांबावे. फेसाळ गुलाबी रक्त फुफ्फुसाचे, ते जवळच सापडते. गडद रक्त यकृताचे आणि हिरवट, वास येणारा द्रव पोटाचा, अशा वेळी कित्येक तास थांबूनच माग काढावा. थंडीविषयी एक सूचना करतो. जुन्या रायफलीच्या यंत्रणेत दशकांचे ग्रीस साचलेले असते, ते शून्याखाली गोठते आणि घोडा मंदपणे पडतो. हंगामाआधी ते पूर्ण धुऊन पातळ तेलाचा केवळ स्पर्श ठेवावा.

कायद्याच्या बाबी आपण विचारलेल्या नाहीत, तरी आपल्या लोकांसाठी त्या सांगणे मला आवश्यक वाटते. आपण एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसे दोन्ही बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. परवाना हाती नसताना किंवा त्याची मुदत संपल्यावर रायफल घरात ठेवू नये, आणि याबाबत वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना पुराणवस्तू म्हणून जी सवलत आहे ती मूळच्या .३२ स्पेशलला लागू होणार नाही, कारण हे काडतूसच त्यानंतरचे आहे. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्यास राज्याचे शिकार-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि हरणाच्या बंदूक-हंगामात डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच झळाळता नारिंगी रंग अंगावर असावा लागतो. स्वतःसाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा वेगळा परवाना लागत नाही, विकण्यासाठी मात्र लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि एखादे विसरलेले काडतूस सामानात सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. शिकारीची बॅग आणि जाकीट भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नये. माझ्या ओळखीतील एका कुटुंबाला विमानतळावर जाकिटाच्या खिशातल्या एका काडतुसापायी फार मोठा मनस्ताप भोगावा लागला आहे.

उरले ते जुने खोके. त्यातली काडतुसे उडवू नयेत. त्या काळच्या काही प्रायमरमधील पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ होते आणि क्षारांमुळे नळी गंजते. पुंगळ्यांवर भेगा किंवा हिरवा चढ दिसला तर गनस्मिथकडे द्यावीत. चांगल्या स्थितीतली असतील तर खोक्यासह जपून ठेवावीत, संग्राहक त्यांची कदर करतात. आपण आधी शिशाने नळीचे माप काढावे आणि तो आकडा मला कळवावा, सोबत नळी कुठे सैल लागली तेही लिहावे. त्यावरून गोळी विकतची घ्यायची की साचा मागवायचा, आणि साचा मागवायचा तर कोणत्या मापाचा, हे नेमके सांगता येईल.